मधुमेहाचे उपद्रव आणि घरातली भाषा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाला पाचारण केले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलेल, नाही तर गोमंतकीय कवितेवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र चिटणिसांना विषय कळवला तो मधुमेहाचा, आणि त्यातही एका मर्यादित प्रश्नाचा : मधुमेह असलेल्या माणसाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ का येते? मी वैद्य नव्हे. कोणाला कोणते औषध किती द्यावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे मी काही सांगणारही नाही. तरीही हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत.

पहिले कारण आकड्यांचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांपैकी सुमारे ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे त्यात आढळले. माणसांच्या संख्येत सांगायचे तर दहा कोटींहून अधिक. राज्याराज्यांची तुलना झाली तेव्हा सर्वांत वरचे स्थान आपल्या गोव्याला मिळाले : २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. असे पहिले स्थान कोणी सनई-चौघड्याने साजरे करीत नाही. या सभागृहात ज्यांच्या घरी हा आजार नाही अशी कुटुंबे मोजायला घेतली तर ती मोजणी लवकर संपेल.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते माझ्या व्यवसायाच्या जवळचे आहे. आजाराची कागदपत्रे इंग्रजीत असतात. आजार मात्र घरात राहतो, आणि घर मराठीत किंवा कोंकणीत बोलते. ओसरीवर, स्वयंपाकघरात, देवळाच्या मंडपात या आजाराविषयी जी वाक्ये बोलली जातात, त्यांतली काही वाक्ये माणसाला थेट रुग्णालयाच्या खाटेपर्यंत नेतात. 'थोडी शुगर आहे, बाकी काही नाही.' 'आज जेवले नाहीत, मग इंजेक्शन कशाला?' 'वय झाले, झापड यायचीच.' ही वाक्ये वाईट हेतूने कोणीच बोलत नाही. ती अपुऱ्या माहितीतून येतात, आणि अपुरी माहिती हा ग्रंथालयाच्या कक्षेतला विषय आहे.

प्रथम नावाचा विचार करू. 'मधुमेह' हा शब्द सुश्रुत-चरकांइतका जुना. लघवीची गोडी आणि तिच्याकडे येणाऱ्या मुंग्या यांची नोंद आपल्या प्राचीन वैद्यांनी केली. ग्रीकांनी 'डायबिटीज' म्हटले ते शरीरातून पाणी वाहून जाते म्हणून. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने लघवीच्या गोडीचे वर्णन केले. आपल्याकडे कोंकणी बोलणारी जुनी माणसे 'गोडें मूत' म्हणत. ग्रीक नाव सोडले तर ही नावे आजाराचे एकच लक्षण सांगतात, गोडवा; आणि त्या गोडव्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनातली भीती ओसरते. 'साखर' हा शब्द आपल्या भाषेत इतका शुभ आहे की साखरपुडा त्याच्यावाचून होत नाही. अशा शब्दाला रोग म्हणून घाबरणे मनाला जड जाते.

पण प्राचीन ग्रंथांत आणखी एक शब्द आहे, आणि आजच्या विषयाची किल्ली मला त्यात सापडली. मूळ रोगाच्या पाठोपाठ जी दुसरी दुखणी उभी राहतात त्यांना आयुर्वेद 'उपद्रव' म्हणतो. प्रमेहात उठणाऱ्या गळवांना 'प्रमेहपिडका' असे स्वतंत्र नाव देऊन त्यांचे प्रकारही त्या ग्रंथांत वर्णिले आहेत. आपण व्यवहारात उपद्रव म्हणतो ते माकडांच्या किंवा उंदरांच्या त्रासाला. वैद्यकातला अर्थ अधिक गंभीर आहे. मधुमेहाच्या माणसाला रुग्णालयात नेतात ते बहुधा हे उपद्रवच. मधुमेह स्वतःच्या नावाने क्वचित दाखल होतो. घरी परत येताना हाती मिळालेला कागद पाहा. त्यावर पहिल्या ओळीत हृदयविकार असेल, न्यूमोनिया असेल, पायाची जखम असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल. 'मधुमेहाचा जुना रुग्ण' हे शब्द त्याखाली, जणू पत्ता लिहावा तसे, लिहिलेले असतात. घरातली माणसे पहिली ओळ वाचतात आणि खालची सोडून देतात.

हे उपद्रव दोन तऱ्हांनी येतात. काही तासांत किंवा दिवसांत उसळतात. काही वर्षानुवर्षे आत शिजत राहतात. आधी उसळणाऱ्यांविषयी.

रक्तातील साखर वाढल्याने माणूस दाखल होतो हे सर्वांना ठाऊक असते. ती कमी झाल्यानेही होतो, आणि हे संकट अधिक वेगवान असते, याची जाणीव मात्र कमी घरांत दिसते. शंभर मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर इशारे देऊ लागते : दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, भूक, विनाकारण चिडचिड. ती आणखी खाली गेली की बोलणे असंबद्ध होते, झटके येऊ शकतात, शुद्ध हरपते. मेंदूचे रोजचे इंधन साखर आहे. ती थांबली की मेंदू थांबू लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो.

आपल्या घरातली चवथ डोळ्यांसमोर आणा. यजमान पहाटे उठून स्नान करतात, सवयीने सकाळची गोळी घेतात आणि पूजेला बसतात. भटजींना आणखी चार घरे आहेत, ते उशिरा येतात. आरती, नैवेद्य, पाने मांडणे, या सगळ्यांत दोन वाजतात. गोळी आपले काम वेळेवर करीत असते; अन्न मात्र आलेले नसते. एकादशीला, श्रावणी सोमवारी, हरितालिकेला हीच कथा. उपास करू नये असे मी म्हणत नाही. उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारावे, एवढेच म्हणतो. पंचांग तर वर्षभर आधी छापलेले असते.

शुद्धीवर असलेल्या माणसाला अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी, ती अजून खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर काही खाऊ घालावे, हा जगभर मान्य असलेला साधा उपाय आहे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस काही मिनिटांत उठून बसतो आणि 'मला घरी न्या' म्हणू लागतो. नातलगांनाही वाटते, आता कशाला ठेवता? ठेवतात ते अशासाठी की या गोळ्यांचा परिणाम दिवसभर, आणि मूत्रपिंडे थकलेल्या वृद्धांत त्याहूनही अधिक काळ टिकू शकतो. ग्लुकोजचा प्रभाव ओसरला की साखर पुन्हा कोसळते, आणि ती मध्यरात्री घरी कोसळली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच कारणाने वयोवृद्धांच्या साखरेचे लक्ष्य तरुणांपेक्षा सैल ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए-वन-सी' ही तपासणी अनेकांच्या परिचयाची आहे. तरुण माणसात ती सातच्या खाली आणण्याचा प्रयत्न होतो. ऐंशीच्या घरातल्या आजोबांत आठच्या आसपास समाधान मानले जाते. तेव्हा सुनेने किंवा मुलाने आजोबांचा आकडा आपल्या मित्राच्या आकड्याशी ताडून पाहून काळजीपोटी गोळी वाढवू नये.

आता दुसरी बाजू. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन बनवणेच थांबवते. हा बहुधा मुलांत आणि तरुणांत दिसतो. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात. मूल सारखे पाणी मागते, अंथरूण ओले करते, वाळत जाते. मग एक दिवस उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोराचा श्वास सुरू होतो. घरी वाटते, बाहेरचे काही खाल्ले असेल. या अवस्थेत एकेक तास मोलाचा असतो.

या आजाराचा इतिहास एका मुलाच्या नावाशी जोडलेला आहे. कॅनडातील टोरोंटो येथे चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्प्सन रुग्णालयात मृत्यूची वाट पाहत होता. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला तो पुन्हा दिला तेव्हा मुलाची साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवणे एवढेच वैद्यांच्या हाती होते. फ्रेडरिक बँटिंग आणि जॉन मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्सुलिनचे एकस्व टोरोंटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देण्यात आले. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन पाळला जातो तो बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून.

हा इतिहास सांगण्याचे कारण पुढे आहे. शंभर वर्षांपूर्वी जे औषध नव्हते म्हणून मुले दगावत, ते औषध आज घरातल्या शीतकपाटात असूनही एका समजुतीपायी बंद केले जाते. ताप येतो, उलट्या होतात, जेवण जात नाही. घरातले वडीलधारे विचार करतात : अन्न नाही तर साखर कुठून येणार? मग इन्सुलिन टोचून काय उपयोग? तर्क वरवर बिनतोड आहे. पण शरीरशास्त्र निराळे सांगते. आजारपणात शरीर साखर वाढवणारी संप्रेरके अधिक सोडते, आणि यकृत अन्नावाचूनही साखर बनवीत राहते. म्हणून आजारपणात इन्सुलिनची गरज कित्येकदा वाढते. मात्रा किती ठेवायची हे डॉक्टर सांगतील. पण स्वतःच्या मनाने ते पूर्ण बंद करणे, विशेषतः पहिल्या प्रकारात, म्हणजे अतिदक्षता विभागाचे निमंत्रण आहे. तिथे सलाईन आणि इन्सुलिन शिरेतून द्यावे लागते, आणि ते देताना रक्तातील पोटॅशियम उतरते. हृदयाची लय बिघडू नये म्हणून दर काही तासांनी रक्त तपासावे लागते. घरच्या सलाईनने हे होण्यासारखे नाही.

वृद्धांत याचीच एक मंद आवृत्ती दिसते. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग होतो, पाणी कमी प्यायले जाते, साखर दिवसादिवसाने चढत सहाशेच्या पलीकडे जाते. माणूस झोपाळू होतो, ओळखीची नावे विसरतो. 'वय झाले' हे वाक्य इथे घात करते. चार दिवसांत आलेली झापड वयाची नसते. वय असे आठवड्याभरात वाढत नाही.

जंतुसंसर्गाचा उल्लेख आला, तेव्हा त्याचे थोडे अधिक. साखर सतत चढी असली की रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत, आणि जंतुसंसर्ग झाला की साखर आणखी चढते. हे दुष्टचक्र २०२१ च्या उन्हाळ्यात सबंध देशाने पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे जे रुग्ण भरती झाले त्यांतले बहुसंख्य मधुमेही होते, आणि अनेकांना साखर वाढवणारी स्टेरॉइड औषधेही दिली गेलेली होती. काहींना डोळा, काहींना जबडा, काहींना प्राण गमवावा लागला. क्षयरोगाची शक्यताही मधुमेहात दुपटी-तिपटीने वाढते. तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या खोकल्याला घरगुती काढ्यावर ठेवू नये.

आता वर्षानुवर्षे शिजणाऱ्या उपद्रवांकडे वळतो. त्यांत पायाचा उपद्रव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि तरीही निसटतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. नाव सांगत नाही. वीस वर्षांचा मधुमेह, पण पथ्य कडक, आकडे बरे. चैत्रातल्या उत्सवाला ते भर दुपारी देवळाच्या फरसबंद प्रांगणात अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. संध्याकाळी सुनेला घरातल्या फरशीवर ओलसर डाग दिसला. मास्तरांच्या तळव्यावर मोठा फोड फुटला होता. त्यांना कळलेच नव्हते. दुखत नाही म्हणून हळद-तेल लावून आठ दिवस गेले. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पायाची दोन बोटे काढावी लागली, आणि पूर्ववत चालायला चार महिने लागले. पुढे भेटले तेव्हा ते म्हणाले, 'दुखले असते तर बरे झाले असते.' वेदना हे शरीराचे बोलणे आहे, हे मी साहित्याच्या वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या वाक्याचा इतका शब्दशः अर्थ मला तेव्हा उमगला.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना जाते. रक्तवाहिन्या अरुंद होऊन रक्त कमी पोहोचते. त्यात जंतुसंसर्ग शिरला की तिन्ही संकटे एकत्र येतात. मधुमेहामुळे पाय कापावा लागतो त्या दहापैकी सुमारे आठ घटनांत आधी एक साधा व्रण असतो. म्हणजे कापण्याच्या दिवसाआधी जखमेचा दिवस असतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये काही करता येण्यासारखे दिवस असतात. संवेदना आहे की नाही हे दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने दवाखान्यात काही मिनिटांत तपासता येते. वर्षातून एकदा तरी ते करून घ्यावे. घरी रोज रात्री पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरावा, किंवा नातवाला पाहायला सांगावे. आपल्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथून जंतूंना वाट मिळते, म्हणून बेचके कोरडे ठेवावेत. कुरूप ब्लेडने कापू नये. गरम पाण्याच्या पिशवीने बधिर पाय शेकू नये. आणि देवदर्शनाची वेळ सकाळची किंवा सायंकाळची ठेवावी. भक्ती उन्हातच करावी असा नियम कोणत्याही देवाने घातलेला नाही.

हृदयाचा उपद्रव याहून अबोल. मधुमेह्यांना हृदयविकाराची शक्यता इतरांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असते, आणि मज्जातंतू बधिर झाल्यामुळे छातीतली ती प्रसिद्ध कळ कित्येकांना येतच नाही. केवळ दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते. घरात सोडा पाजला जातो, 'ॲसिडिटी झाली' म्हणून झोपवले जाते. मूत्रपिंडे तर सर्वांत मुकी. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सूक्ष्म प्रमाणात जाऊ लागते तेव्हा रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे पायांवर सूज, मग रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, आणि मग मध्यरात्री रुग्णालय. डायलिसिसच्या यंत्राशी आठवड्यातून दोन-तीनदा तासन्‌तास बांधलेल्या माणसांत मधुमेह्यांची संख्या मोठी असते. लघवीची ती साधी तपासणी वर्षातून एकदा झाली असती तर यांतल्या अनेकांना पुष्कळ वर्षे मिळाली असती.

हे सारे ऐकून मन खिन्न होईल. पण हे विधिलिखित नाही, याचा भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा एक प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला. पाच हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब कसून ताब्यात ठेवला त्यांच्यात पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटला. दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. सारे घर साखरेकडे पाहत बसते, आणि रक्तदाबाची गोळी मात्र 'आता बरे वाटते' म्हणून थांबते.

आणखी एक गट आहे, ज्याला आपला मधुमेह रुग्णालयातच प्रथम कळतो. हृदयविकाराने किंवा चिघळलेल्या जखमेने दाखल झाल्यावर रक्त तपासले जाते आणि साखर सापडते. हे लोक पुष्कळदा सडपातळ असतात. 'माझ्या अंगावर मांस नाही, मला कसला मधुमेह?' पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीचे मूळ शोधले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय देह बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवले. तेव्हा तिशी ओलांडलेल्या, आणि विशेषतः आईवडिलांना मधुमेह असलेल्या प्रत्येकाने आरशावर विसंबून न राहता रक्त तपासून घ्यावे.

रुग्णालयात जाणे हे नेहमी अपयशच असते असा समज मात्र करून घेऊ नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी साखर स्थिर करण्यासाठी, गरोदरपणी इन्सुलिन बसवण्यासाठी कधी कधी दाखल करतात, ते शहाणपणाचे असते. खर्चाच्या किंवा सुयांच्या भीतीने चार दिवस उशिरा जाणे, हे खरे महाग पडते. वैद्यकाचे शिक्षण आपल्या गोव्यात १८४२ पासून चालत आले आहे. आज अंतर रुग्णालयाचे कमी आणि निर्णयाचे अधिक झाले आहे.

आता ग्रंथालयाकडे येतो. १५६३ साली याच गोव्यात गार्सिया द ऑर्टा या वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्या काळी युरोपातले विद्वान वैद्यकाविषयी लॅटिनमध्ये लिहीत. ऑर्टाने तो पोर्तुगीजमध्ये, म्हणजे आपल्या लोकांच्या बोलभाषेत, आणि प्रश्नोत्तराच्या रूपात लिहिला. ज्याला उपयोग व्हायचा त्याला समजले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी मला आजही अनुकरणीय वाटते. १९५५ साली मुंबईत डॉ. एस. एस. आजगांवकर यांनी डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली, तिच्याही मुळाशी रुग्णाला जाणता करण्याचा विचार होता.

या संस्थेच्या वाचनकक्षात रोज सकाळी वर्तमानपत्रांच्या मेजाभोवती जे ज्येष्ठ बसतात त्यांतली एखादी खुर्ची महिना महिना रिकामी राहते, आणि मग चौकशी केल्यावर कळते की ते इस्पितळात होते. आपली ही मंडळी आपल्याच डोळ्यांसमोर असतात. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने तीन छोट्या सूचना करतो. आरोग्यविषयक विश्वसनीय मराठी पुस्तकांचे एक कपाट वाचनकक्षाच्या दाराशी असावे. ते कुलूपबंद नसावे. वर्षातून एक दिवस, पावसाळा सुरू होण्याआधी, डॉक्टरांना बोलावून सभासदांचे पाय तपासून घ्यावेत. आणि ग्रंथालयाच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूस चार ओळी छापाव्यात : मला मधुमेह आहे, मी अमुक औषध घेतो, मी भ्रमिष्टासारखा वागलो आणि शुद्धीवर असलो तर साखर द्या, शुद्धीवर नसलो तर १०८ ला कळवा. मराठीत आणि कोंकणीत, जाड अक्षरांत. हे ओळखपत्र आपण खिशात बाळगतोच.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय उभारले त्यांनी परकी सत्तेखाली आपली भाषा टिकावी म्हणून पुस्तके जमवली. भाषा टिकते ती तिच्यात जगण्याच्या गोष्टी बोलता येतात तोवर. आजीची झापड वयाची नाही, बाबांच्या पायाची जखम दुखत नाही म्हणूनच ती गंभीर आहे, उलट्या होत असल्या तरी इन्सुलिनविषयी डॉक्टरांना विचारायचे आहे, ही वाक्ये आपल्या घरांत आपल्या भाषेत सहज बोलली जावीत, अशी माझी इच्छा आहे. ती बोलली गेली तर मेजाभोवतीच्या खुर्च्या थोड्या अधिक भरलेल्या राहतील.